अल्पजीवी सैन्यदळें व त्यांचीं साधनें : चांद्याचें जंगोम दल आणि इटलीचें एक छत्रीपथक

दीर्घकाळ टिकलेल्या सैन्यदळाचा इतिहास लिहिणें तुलनेनें सुकर असतें. त्याच्या हजेऱ्या, रोजमुऱ्याच्या याद्या, बक्षिसाचीं पत्रें, तक्रारींचे अर्ज हीं कोठें ना कोठें रुमालांत बांधलेलीं सांपडतात. एका रुमालांत न मिळालेलें दुसऱ्यांत मिळतें. परंतु जें दळ एका हंगामांत उभें राहिलें आणि दुसऱ्या हंगामाच्या आंत नाहींसें झालें, त्याची आठवण बहुधा दोनच ठिकाणीं उरते : शत्रूच्या कागदांत आणि स्वजनांच्या कंठांत. या दोहोंपैकीं कोणतें साधन किती भरंवशाचें, आणि दोन्ही एकत्र करतांना कोणती सावधगिरी बाळगावी, हा प्रश्न चांदा प्रांताच्या इतिहासाभ्यासकांपुढें आज उभा आहे. १८५८ सालीं मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनीं उभारलेल्या दळाविषयीं गेल्या कांहीं दशकांत पुष्कळ लेखन झालें आहे. त्यांतील भक्ति आम्हांस मान्य आहे. चिकित्सा मात्र त्यांत फारशी आढळत नाहीं, आणि ती करावी एवढाच या लेखाचा हेतु आहे.

चांद्याच्या अरण्यांत शिरण्यापूर्वीं वाचकांनीं आमच्याबरोबर क्षणभर इटलींत यावें. वाट लांबची आहे हें आम्ही जाणतों; परंतु तेथील एक उदाहरण तुलनेस इतकें सोयीचें आहे कीं, तें टाळणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत ८ सप्टेंबर १९४३ रोजीं इटलीनें दोस्त राष्ट्रांपुढें शस्त्रें ठेविल्याचें जाहीर झालें आणि त्या देशाच्या सैन्याचीं शकलें झालीं. 'नेम्बो' नांवाच्या छत्रीदळांतील कांहीं लोक जर्मनांबरोबर गेले, कांहीं दोस्तांस येऊन मिळाले. (विमानांतून उडी टाकतांना शिपाई जी घडी पाठीवर बांधतो तिला मराठींत हवाई छत्री म्हणतात. आमच्याकडे छत्र हें राजाच्या मस्तकावर असावयाचें. तें शिपायाच्या पाठीवर आलें हा कालमहिमा होय.) दोस्तांकडे आलेल्यांपैकीं कॅप्टन कार्लो गे यांची एक तुकडी ब्रिटिशांच्या तेराव्या कोअरला जोडण्यांत आली. तिला 'एफ् टेहळणी पथक' म्हणत. २० एप्रिल १९४५ च्या रात्रीं या पथकाचे आणि दुसऱ्या एका इटालियन छत्रीतुकडीचे मिळून २२६ लोक पो नदीच्या दक्षिणेकडील सपाट मुलखांत, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याच्या पिछाडीस, विमानांतून उतरविण्यांत आले. त्यांचीं कामें ठरलेलीं होतीं : तारायंत्राच्या व टेलिफोनच्या तारा तोडणें, रस्त्यावरील गाड्यांवर छापे घालणें, पूल उडविले जाऊं न देणें. उतरतांना ते विखुरले. शेतकऱ्यांच्या वाड्यांचा व स्थानिक बंडखोरांचा आश्रय घेऊन लहान लहान टोळ्यांनीं ते दोन-तीन दिवस लढले. पोज्जो रुस्को गांवाजवळ एका वाड्यांत त्यांचे चौदा लोक पडले. तेथें आज स्मारक आहे. युद्ध संपलें आणि त्याच सालीं पथकही मोडलें. सर्व आयुष्य दोन वर्षांच्या आंतलें!

हें सर्व ज्या आघाडीवर घडलें ती मराठी माणसास अगदींच परकी नाहीं. याच तेराव्या कोअरमध्यें आठवी हिंदी डिव्हिजन कांहीं काळ होती, आणि तिच्यांतील पहिल्या मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं, म्हणजे वरील उडीच्या अकराच दिवस आधीं, सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. जी फळी मराठ्यांनीं समोरून फोडली तिच्याच पाठीमागें पुढें हे इटालियन उतरले.

आतां या पथकाच्या साधनांकडे पहा. आज्ञापत्रें आहेत, विमानांच्या नोंदी आहेत, ब्रिटिशांच्या रोजनिशा आहेत, जर्मनांच्या बाजूचे कागद आहेत, वांचलेल्यांच्या आठवणी छापलेल्या आहेत, मेलेल्यांचीं नांवें दगडावर कोरलेलीं आहेत. तरीसुद्धां त्यांनीं शत्रूचे किती लोक मारले, किती शरण आणले, याचे आकडे त्याच बाजूनें दिलेले असल्यामुळें विचक्षण वाचक ते जपूनच घेतो. साधनें विपुल असलीं म्हणजे चिकित्सेची गरज संपते असें नाहीं. चिकित्सा करतां येते, एवढेंच. चांद्याच्या दळाच्या बाबतींत ही सोयही आपणांस नाहीं, आणि म्हणून तेथें सावधगिरी दुप्पट पाहिजे.

प्रथम निर्विवाद भाग थोडक्यांत सांगतों. नागपूरचे तिसरे रघूजी भोंसले १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारले. १८५४ सालीं राज्य खालसा झालें आणि चांदा कंपनी सरकारच्या अमलाखालीं गेला. गोंड राजांचें राज्य तर त्यापूर्वीं शंभर वर्षें, १७५१ सालींच, भोंसल्यांनीं घेतलें होतें. परंतु पूर्वेकडील व दक्षिणेकडील अरण्यांतील जमीनदाऱ्या दोन्ही राज्यांत टिकून राहिल्या. त्यांत अहेरी सर्वांत मोठी. मोलमपल्ली ही तिच्या परिसरांतील लहानशी. तेथील बाबूराव यांनीं १८५८ च्या मार्चांत राजगड परगण्यावर चाल केली. लवकरच आडपल्ली व घोट येथील जमीनदार व्यंकटराव त्यांस मिळाले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्या फौजेशीं नांदगांव-घोसरी येथें त्यांची गांठ पडली. पुढें आणखीही चकमकी झाल्या. २९ एप्रिल रोजीं प्राणहितेच्या कांठीं चुंचगुंडी येथें तारायंत्र खात्याच्या तळावर छापा पडला. त्यांत गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. तिसरा पीटर निसटला. सप्टेंबरांत अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्याकडून बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास त्यांना फांशी देण्यांत आली. व्यंकटराव बस्तरांत गेले. १८६० सालीं तेथील राजानें त्यांस इंग्रजांच्या स्वाधीन केलें व त्यांस जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचे आडपल्ली व घोट हे परगणे, गांवें ६७, लक्ष्मीबाईंस बक्षीस मिळाले.

मार्च ते सप्टेंबर, म्हणजे अवघे सात महिने. दळाची उभारणी १८५७ च्या सप्टेंबरांत झाली व सुरुवातीस पांचशें तरुण जमले, असें मराठी कथनें सांगतात. तें धरलें तरी एक वर्ष.

या हकीकतीचा आधार काय? मेजर लूसी स्मिथ याचा १८६९ चा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल हा मुख्य होय. आमच्या वाचकांस हा ग्रंथ परिचित आहे; गोंड राजांची जी वंशावळ त्यानें दिली, तिच्यावरील वाद अद्याप मिटलेला नाहीं. १८७० चें मध्यप्रांताचें ग्याझेटियर आणि १९०९ चें चांदा जिल्ह्याचें ग्याझेटियर यांतही बंडाची हकीकत आहे, आणि आमच्यांतील लेखक या तिन्हींचा दाखला ओळीनें देऊन 'तीन समकालीन साधनें' म्हणतात. हें आम्हांस मान्य नाहीं. पोथ्या पाहणारा मनुष्य असें कधीं म्हणणार नाहीं. तीन पोथ्यांत एकच चुकीचा पाठ एकाच ठिकाणीं आढळला तर तो एका मूळ पोथीचा दोष तीनदां उतरला असें आपण म्हणतों. तीन साक्षींनीं तो सिद्ध झाला असें म्हणत नाहीं. ग्याझेटियरें लूसी स्मिथच्या मागोमाग जातात. म्हणजे साक्ष एकच, आणि तीही घटनेनंतर अकरा वर्षांनीं जमाबंदीच्या कामासाठीं लिहिलेली. ज्या मुलखाचा सारा ठरवावयाचा त्यांतील जमीनदारांची निष्ठा-अनिष्ठा ही तेथें नोंदण्याची बाब होती, हें विसरतां कामा नये. गोंड राजांविषयीं हा लेखक उदार आहे. त्यांच्या तलावांची, कोटांची व न्यायाची तो मनापासून स्तुति करतो. मृत राजांविषयीं उदार होणें कोणत्याही सरकारी अधिकाऱ्यास फारसें महाग पडत नाहीं.

त्या अहवालांतील दोन शब्द विशेष तपासण्याजोगे आहेत : 'लूट' आणि 'रोहिले'. बाबूरावांनीं राजगड परगणा लुटावयास आरंभ केला, आणि त्यांच्याजवळ रोहिल्यांची टोळी होती, असें तो सांगतो. रोहिले होते हें खोटें मानण्याचें कारण नाहीं. प्राणहितेच्या व गोदावरीच्या पलीकडे निजामाचा मुलूख होता. सिरोंचाकडील भागसुद्धां निजामानें इंग्रजांस दिला तो १८६० सालीं, या घटनेनंतर. पोटासाठीं चाकरी करणारे रोहिले-अरब त्या बाजूस होतेच, आणि सरहद्दीवरील जमीनदार त्यांना ठेवीत. मराठी लेखक हें नांव गाळतात किंवा रोहिल्यांना केवळ इंग्रजांच्या बाजूस दाखवितात, कारण 'आदिवासी तरुणांचें दळ' या चित्रांत ते बसत नाहींत. हें योग्य नव्हे. गोंड आणि रोहिले एका फौजेंत लढले असल्यास तें लपविण्यासारखें काय आहे? उलट, या दळाची रचना कशी होती, त्यास पगार कोण देत होता, दारूगोळा कोठून येत होता, या प्रश्नांची एकमेव दिशा त्या एका शब्दांत आहे.

'लूट' या शब्दाचें मात्र वेगळें आहे. सरकारी कागदांत बंडखोराची मोहीम ही लूट असते आणि सरकारी फौजेची लूट ही रसदेची वसुली असते. हा नियम पेशवे दप्तरांतही आढळेल. इंग्रजांनींच तो शोधून काढला असें नाहीं. म्हणून शब्दाकडे न पाहतां कृतीकडे पाहावें. चुंचगुंडीचा छापा हा याचा चांगला कस आहे. लुटारूस लुटावयाचें असतें तर त्याला बाजाराचे गांव होते, सावकारांच्या पेढ्या होत्या. तारायंत्राच्या तळावर त्यास काय मिळणार? तारायंत्र तोडण्याचें मोल ज्यास कळतें तो सैन्याच्या हालचालींचा विचार करणारा मनुष्य असतो. १९४५ सालीं इटलींत छत्रीधाऱ्यांस जें काम लेखी आज्ञेनें दिलें, त्याच जातीचें हें काम होय. एकास स्मारक व दुसऱ्यास फांसाचा दोर मिळाला, हा फरक विजय कोणाचा झाला यावर अवलंबून आहे.

तरी ही तुलना एका ठिकाणीं थांबते, आणि ती तेथें थांबविणें प्रामाणिकपणाचें आहे. छत्रीधाऱ्यांनीं हत्यारबंद फौजेशीं सामना केला. गार्टलंड व हॉल हे तार खात्याचे नोकर होते, पलटणीचे शिपाई नव्हते. कांहीं मराठी कथनांत त्यांस 'इंग्रज अधिकारी' एवढेंच म्हणून पुढें जातात. शेडमाके यांचा मोठेपणा अशा झांकाझांकीवर उभा नाहीं. दोघे नोकर त्या छाप्यांत मेले, असें स्पष्ट लिहावें. मग तारायंत्राच्या मार्गावरील हल्ला हा युद्धनीतीचा भाग होता हें आपलें विधानही वाचक अधिक विश्वासानें ऐकेल.

आतां स्थलनामांविषयीं. इंग्रजी अहवालांत मोलमपल्लीचें 'मोनमपल्ली', आडपल्लीचें 'अरपल्ली' झालें आहे. चुंचगुंडी तर मराठींत चिंचगुंडी, चिंचगोंडी अशा अनेक रूपांनीं परत आलें. गोंडी व तेलुगु उच्चारांचें नांव रोमन लिपींत जातें, तेथून देवनागरींत येतें, आणि या दोन प्रवासांत 'ल'चा 'न', 'ड'चा 'र' होतो. 'पल्ली' हा अंत्यावयव संस्कृतांतही लहान वस्तीच्या अर्थानें आढळतो, त्यामुळें तो बिघडत नाहीं; बिघडतें तें पहिलें पद, आणि गांव ओळखावयाचें असतें त्या पहिल्या पदावरून. लढायांची स्थळें नकाशावर दाखविण्यापूर्वीं त्या त्या गांवच्या गोंडी बोलणाऱ्या वृद्धांकडून नांव ऐकून घ्यावें. हें काम पुस्तकांवरून होणारें नाहीं.

दळाच्या नांवाविषयीं आमचें मत कदाचित् कांहीं वाचकांस रुचणार नाहीं. 'जंगोम दल' हें नांव आज सर्वत्र रूढ आहे. गोंड समाजांत जंगो रायताड ही पूज्य देवता आहे, आणि जंगोम या शब्दास जागृतीचा अर्थ आज दिला जातो. सरकारी हकीकतींत हें नांव नाहीं, तेथें केवळ 'टोळी' आहे. कांहीं टीकाकार एवढ्यावरून नांव बनावट ठरवितात. ही घाई आहे. शत्रूनें नांव नोंदलें नाहीं म्हणून नांव नव्हतें असें होत नाहीं. शत्रूस नांव नोंदण्याची गरजच नव्हती, कारण नांव दिलें कीं टोळीचें दळ होतें. पण दुसरीकडे, समाजाच्या स्मृतींतील शब्द १८५७ च्या सप्टेंबरांतील अमुक दिवशीं बाबूरावांनीं अमुक सभेंत उच्चारला असें तारीख-वारासह लिहिणें हेंही शास्त्र नव्हे. आमच्या दर्शनकारांनीं ऐतिह्याचा विचार करून ठेविला आहे. मूळ वक्ता अज्ञात असून परंपरेनें आलेलें वचन म्हणजे ऐतिह्य. पौराणिक तें स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक त्यास शब्दप्रमाणांत घालतात. परंतु त्याला प्रत्यक्षाची तारीख कोणीही चिकटवीत नाहींत. 'परंपरेनें जंगोम दल म्हणून ओळखलें जाणारें' एवढें लिहिलें म्हणजे परंपरेचा मान राहतो आणि इतिहासाचाही.

बांबूवर येणारा ताडवा खाल्ल्यामुळें बाबूरावांच्या अंगीं दैवी सामर्थ्य आलें, ही कथाही याच कोटींतील. ती टाकून देऊं नये. सामान्य गोंड शिपायास आपला नायक कसा दिसला, याचें साधन म्हणून ती अमोल आहे. लढाईच्या वर्णनांत मात्र ती आणूं नये.

लक्ष्मीबाईंचें प्रकरण अधिक नाजूक आहे. व्याख्यानांत व नाट्यांत त्या केवळ घरभेद्या होऊन बसल्या आहेत. ६७ गांवांचें बक्षीस ही जबर साक्ष आहे. ती आम्ही हलकी करीत नाहीं. परंतु जिच्या हद्दीलगत दोन आप्त-शेजारी जमीनदार बंडास उठले, जिच्या मागें खालसा झालेल्या नागपूर राज्याचें उदाहरण ताजें होतें, आणि जिच्या जमीनदारीचें काय करावें हें ठरविणारा क्रिक्टन चांद्यास बसला होता, त्या स्त्रीस किती पर्याय उरले होते हें तिचे कागद पाहिल्याशिवाय कसें सांगावें? तिचा दोष ठरेल तर ठरो. पण आरोपपत्र आहे आणि जबाब नाहीं, अशा स्थितींत निकाल देणें हें कोणत्याही न्यायसभेस शोभत नाहीं.

दळ अल्पजीवी कां ठरलें, याविषयीं बहुतेक लेखक फितुरीवर थांबतात. आम्हांस अरण्याचा व ऋतूंचा विचार अधिक व्हावासा वाटतो. हें अनुमान आहे, आणि अनुमान म्हणूनच तें ठेवितों. मोहीम मार्च, एप्रिल, मे या महिन्यांत झाली. या दिवसांत चांद्याच्या रानांतील सागवान निष्पर्ण असतें. पावसाळ्यांत जेथें दहा हातांवरचें दिसत नाहीं तेथें आतां दूरवर दृष्टि जाते. नाले आटतात, पाणवठे थोडे राहतात, आणि जो पाणवठा धरतो तो शत्रूची वाट धरतो. पुढें मृगाचा पाऊस पडला कीं नांगर धरणाऱ्यास घरीं जाणें भाग असतें. पगारी शिपाई मागें उरतो, आणि त्यास पगार लागतो. प्राणहिता भरली कीं पलीकडचा आसरा तुटतो. अशा देशांत उन्हाळ्यांत जमलेली फौज पावसाळ्यांत तशीच टिकविण्यास कोठार व खजिना लागतो, आणि एका लहान जमीनदारीजवळ तो किती असणार? बाबूराव सांपडले ते सप्टेंबरांत, म्हणजे पावसाळा सरतां सरतां. ही कालानुक्रमाची साक्ष फितुरीच्या कथेस खोडीत नाहीं, पण फितुरीला वाव कां मिळाला हें सांगते.

सर्वांत मोठी उणीव अद्याप सांगावयाची आहे. इटलींतील त्या पथकाच्या पडलेल्या शिपायांचीं नांवें दगडावर वाचतां येतात. चांद्याच्या दळांतील नांवें आपणांस किती ठाऊक आहेत? दोन जमीनदारांचीं. ज्या पांचशेंची गोष्ट आपण सांगतों त्यांतील सामान्य गोंडाचें, माडियाचें, रोहिल्याचें एकही नांव प्रचलित कथनांत नाहीं. चांद्याच्या तुरुंगाच्या आवारांतील पिंपळापाशीं दर वर्षीं २१ ऑक्टोबरास लोक जमतात आणि बाबूरावांस वंदन करतात. त्यांच्या बरोबरीच्या लोकांस वंदन करावयाचें तर नांव घेऊन करतां येत नाहीं.

हीं नांवें कोठें मिळूं शकतील? खटल्याच्या व बंदोबस्ताच्या पत्रव्यवहारासाठीं नागपूरचा तत्कालीन कमिशनर प्लौडन याच्या काळचीं दप्तरें आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांतील परराष्ट्र खात्याचे कागद पाहावे लागतील. निजामाच्या हद्दीसंबंधानें हैदराबादचे फारसी व उर्दू कागद. हीं कामें संस्थांचीं. परंतु जमीनदारीचे व पाटील-पांड्यांचे घरगुती रुमाल संग्राहकांच्याच हातीं पडतात. चंद्रपूर आणि गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते, म्हणून गडचिरोलीकडील गांवांचा कागद चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी येथील जुन्या घरांतही निघतो. शके १७७९ व १७८०, फसली १२६७ व १२६८ हे आंकडे ज्या मोडी कागदावर दिसतील तो बाजूस काढून ठेवावा. अहेरी-सिरोंचाकडे तो तेलुगु लिपींत असेल. लिपि येत नाहीं म्हणून तो वाण्यास देऊं नये. ताकोळीची पावती असेल तर ती कोणत्या महिन्यांत भरली व कोणत्या महिन्यांत तटली हें पाहावें. धान्याच्या खंड्यांची याद असेल तर उन्हाळ्यांत नेहमींपेक्षां अधिक भात कोणाच्या कोठारांतून कोणाच्या नांवें गेलें हें पाहावें, कारण फौज कोठें जेवली तें तेथें कळेल. आणि यादीच्या मागील बाजूस कारकुनानें सहज लिहून ठेविलेलीं ओझेकऱ्यांचीं, वाटाड्यांचीं, पहारेकऱ्यांचीं नांवें असतील, तीं नकलून मूळ कागदासह या त्रैमासिकाकडे पाठवावीं.